रस्त्याच्या डाव्या कडेला

वाहिद पिंजारी गेले, पण त्यांचा फोन चालूच राहिला. त्यांची मुलगी इरम तो रोज चार्ज करायची आणि पर्समध्ये घालून शाळेत न्यायची. घरी ठेवला तर वाजत राहील आणि इद्दतीत बसलेल्या अम्मीला सारखं उठावं लागेल, असं ती सांगे. नवरा गेल्यावर बाईनं घराबाहेर न पडता, परक्या पुरुषासमोर न येता काढायचे ते महिने अम्मी शहाद्याच्या त्या दोन खोल्यांत काढत होती. फोन जवळ ठेवण्याचं खरं कारण वेगळं होतं, पण ते इरमला कोणी विचारलं नव्हतं.

फोनवर माणसं अजून येत. लग्नसराई तोंडावर होती आणि पोरीच्या लग्नात नव्या कापसाच्या गाद्या द्यायची रीत कळसाडीकडच्या घरांतून अजून मोडली नव्हती. वाहिदभाई केव्हा येता, असं कोणी विचारलं की इरम सांगायची, काम बंद झालं. का बंद झालं हे ऐकून पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. तो फोन ठेवीपर्यंत ती वाट पाहायची.

नंदुरबारच्या ज्या हायस्कूलात ती मराठी शिकवायची, तिथे एका दुपारी मोकळ्या तासाला ती उत्तरपत्रिका तपासत होती. अब्बांच्या फोनवर मेसेज आला. परिवहन विभागाचा ओटीपी. हा क्रमांक कोणालाही सांगू नका. खाली नाव नाही, काही नाही. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं अब्बांनी एकाच रांगेत उभं राहून आपल्याच नंबराला जोडून घेतली होती. एका घराला चार नंबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे हा आकडा कोणाच्या नावानं मागवला गेला, ते कळायला मार्ग नव्हता.

ती मेसेजकडे पाहत असतानाच तिचा स्वतःचा फोन वाजला. अम्मी होती.

"तुन्हा अब्बाना फोनवर येक नंबर उना व्हयी. तेवढा सांग माले."

"कसाना नंबर?"

"गॅसवालासना."

घरात बोली अहिराणीच, वर हिंदीची फोडणी. पण राग आला की इरम शाळेच्या मराठीत जायची. "काही आलेलं नाही," ती म्हणाली.

अम्मी बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. इरमनं पुन्हा मेसेज उघडला. अम्मी तिच्याशी खोटं बोलली होती आणि तीही अम्मीशी खोटं बोलली होती. अब्बा असताना या घरात असं झालेलं तिला आठवेना.

परिवहन विभाग म्हणजे गाडी, हे तिला लगेच कळलं. दुसरं काय असणार?

गाडी म्हणजे एक छोटा टेम्पो, मागच्या हौद्यात कापूस पिंजायचं यंत्र नटबोल्टांनी पक्कं बसवलेला. ती कल्पना अब्बांची. गावात फोमच्या गाद्या आल्या आणि त्यांचा धाकटा भाऊ अकील यानं त्याच गाद्यांचं दुकान टाकलं, तेव्हा अब्बांनी यंत्र गाडीवर चढवलं आणि गिऱ्हाइकाच्या दारात जायला सुरुवात केली. म्हसावद, कळसाडी, पुरुषोत्तमनगरची साखर कारखान्याची वसाहत. अंगणात जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, मग अम्मीनं मांडी घालून टाके घालायचे. सकाळी दोघं निघत आणि दिवेलागणीला भुवया पांढऱ्या करून परत येत.

थंडीत अम्मी एका लग्नासाठी दोंडाईच्याला माहेरी गेली होती, तेव्हा अब्बा एकटेच कळसाडीला गेले. परत येताना त्यांनी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली, इंडिकेटर लावला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि डोकं स्टीअरिंगवर टेकवलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना बराच वेळ वाटत राहिलं, माणूस झोपला आहे. अकीलचाचांनी मग गाडी घरी आणून दारासमोरच्या निंबाखाली लावली. इरमनं त्यांच्या हातातून किल्ली घेतली, ती परत कोणाला दिली नाही. त्यानंतर गाडीला कोणी हात लावला नाही. रविवारी काच पुसायची, तीही इरमच.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि थोड्याच दिवसांत अकीलचाचा करणसिंगला घेऊन आले. म्हसावदकडचा हा बागायतदार, पपईच्या वाहतुकीसाठी त्याला गाडी हवी होती. यंत्र काढून टाकायचं, हौदा मोकळा करायचा, बस. इरमनं अम्मीला न विचारताच नाही सांगितलं. पडद्याआड बसलेली अम्मी काही बोलली नाही. चाचा म्हणाले, भाभीची इद्दत होऊ दे, मग बोलू. बोलणं साधंच होतं. पण इरमनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, आणि साध्या वाक्यांच्या पोटात काय काय असतं हे तिला ठाऊक होतं. शिवाय एक गोष्ट तिनं मनात टिपून ठेवली होती. ती ज्यांना काम बंद झालं म्हणून सांगायची, त्यातली निम्मी माणसं पुढच्या आठवड्यात चाचांच्या दुकानातून फोमच्या गाद्या टेम्पोवर चढवताना दिसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली तर पर्सची चेन अर्धवट उघडी होती. अब्बांच्या फोनवर नवा ओटीपी आला होता आणि तो वाचलेला होता. अम्मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. तिनं मान वळवली नाही, इरमनंही काही विचारलं नाही. दोघींनी एकमेकींना चहा दिला, घेतला. इरमची बस निघायच्या वेळेला अम्मी नेहमीसारखी म्हणाली, सांभाळून जा.

आता पाळत ठेवायला हवी होती. शेजारच्या भिकुबाईला विचारावं लागलं नाही. ती दूध घालायला दारोदार जायची आणि कोणत्या घरात काय शिजतं हे तिला झाकण न उघडता कळायचं. संध्याकाळी इरमला गल्लीच्या तोंडाशी गाठून ती म्हणाली, "तुन्हा चाचानी ती मंतशा रोज दुपारले येस. दोन्ही जनी दार लोटी लेतस. माले काय करनं शे, पन तुले सांगं." मग कळशी कमरेवर नीट बसवत तिनं पुढचं सांगितलं. "अनी परवादिन डॉक्टरीनबाई उनी व्हती. तुन्ही माय बिमार शे का वं?"

अम्मी आजारी नव्हती. भूक होती, झोप होती, खोकलाही नव्हता. मग डॉक्टरीण कशाला? इरमच्या मनात उत्तर तयारच होतं. मृत्युपत्र असो की बक्षीसपत्र, सही करणारा माणूस शुद्धीवर आणि धडधाकट आहे असा डॉक्टरचा दाखला जोडतात. तिनं कितीतरी कादंबऱ्यांतून ते वाचलं होतं. चाचांची मुलगी मंतशा स्टँडजवळच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात काम करायची. तिला कागद कसे फिरवायचे ते येणारच. अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. जिथं बोट ठेवाल तिथं सही करणारी.

घरात पाहावं तर खुणा वाढत चालल्या होत्या. पुढच्या खोलीतल्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली होती. ओल आली आहे, चुना पडतो, म्हणून, असं अम्मी म्हणाली. मार्चमध्ये ओल! चादरीसमोर स्टूल होतं आणि त्यावर उजेड पडेल असा दिवा ओढून घेतला होता. कुराणाशेजारी असणारा अम्मीचा चष्मा आता या खोलीत सापडायचा.

शनिवारी शाळा लवकर सुटली. इरम सरळ चाचांच्या दुकानात गेली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या, मध्ये चाचा एका गिऱ्हाइकाला पलंगाचं माप विचारत होते. तिला पाहून त्यांनी खुर्ची पुसली, चहा सांगितला, शाळेचं विचारलं. मग तेच म्हणाले की उभी गाडी सडून जाते, टायर बसतात, बॅटरी तर केव्हाच गेली असेल. तिनं मंतशाचं विचारलं. ती रोज आमच्याकडे येते म्हणे. चाचा मापाची पट्टी गुंडाळत राहिले. पोरी आहेत, म्हणाले, येतात जातात. ती उठली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं:

"भाभीनी तुले काही सांगं का?"

"काय?"

"काही नही. चहा पी लेती ना."

त्या 'काही नही'नं इरमची खात्री झाली. इद्दत संपायला थोडेच दिवस राहिले होते. त्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा येतो, असं करणसिंग जाताना सांगूनच गेला होता. कागद त्याच्या आधी तयार करायचे होते आणि तिला विचारायचं नव्हतं. अब्बांनी जी गाडी मरता मरता नीट कडेला लावली, ती पपया वाहणार होती.

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी शहाद्याला उतरली, गल्लीत वहाणा हातात घेतल्या. दार आतून लोटलेलं होतं. मंतशा बाहेर ओट्यावर बसली होती. ती दचकून उठली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, इरमबाजी, आत जाऊ नका, थोडा वेळ थांबा. तिनं अडवलं म्हणूनच इरमनं दार ढकललं.

अम्मी पांढऱ्या चादरीसमोर ताठ बसली होती. इस्त्री केलेली ओढणी, चष्मा, समोर लॅपटॉप. इरम तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "कशावर सही करते आहेस?" तिनं विचारलं.

 अम्मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होती. तिथे कोपऱ्यात अम्मीचा चेहरा दिसत होता आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारा इरमचा. मध्ये एक त्रिकोण होता, त्यात एक चित्र, खाली तीन पर्याय. मग ते सगळं गेलं आणि अक्षरं आली: कॅमेऱ्यात दुसरा चेहरा आढळल्यामुळे चाचणी थांबवण्यात आली आहे.

इरमनं ते दोनदा वाचलं. वर लिहिलं होतं, शिकाऊ अनुज्ञप्ती चाचणी. त्याखाली अम्मीचं नाव, अकिला वाहिद पिंजारी.

अम्मीनं चष्मा काढला. "निम्म्याच्या वर व्हयी गयं व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गाडीनी तू मजार करी टाकी, इरम. अगरबत्ती लावानी तेवढी बाकी शे."

पुढचं मंतशानं सांगितलं, तेही इरमकडे न पाहता. इद्दतीत बाहेर जायचं नाही, पण ही परीक्षा आता घरी बसून देता येते. अर्ज भरला, चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो म्हणून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. चाचांशी अम्मीचं बोलणं मंतशाच्या मार्फत झालं होतं. इद्दतीनंतरच्या शुक्रवारी करणसिंगला परत पाठवायच्या आत शिकाऊ परवाना मिळाला तर गाडी राहील. नाही मिळाला तर करणसिंगला द्यायची, मग कोणी रडायचं नाही. चाचा हो म्हणाले होते.

"हो म्हणाले कारण त्यांना वाटतं तू नापास होशील," इरम म्हणाली.

"वाटू दे."

"आणि पास झालीस तर गाडी चालवणार कोण?"

अम्मीनं तिच्याकडे असं पाहिलं की आपण काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे हे इरमच्या लक्षात आलं. मग तिनंच सांगितलं, म्हसावदच्या पुढे रस्ता मोकळा लागला की अब्बा उतरून दुसऱ्या बाजूला जायचे. दिवसभर यंत्रावर उभं राहून त्यांचा खांदा धरायचा, छातीत कापूस बसायचा. गाडी अम्मी चालवायची, अब्बा शेजारी झोपायचे. शहाद्याचा नाका दिसायला लागला की अम्मी त्यांना उठवायची. वर्षानुवर्षं. इरमनं दारात उभं राहून पाहिले ते नेहमी गाडी चालवत येणारे अब्बाच. शेवटचा मैलभर रस्ता त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवला होता, असंही म्हणता आलं असतं; त्या वेळी मात्र तिला एवढंच वाटलं की त्या दोघांचं एक घर होतं आणि त्यात तिला कोणी बोलावलं नव्हतं.

तिनं विचारलं, मला का नाही सांगितलं? अम्मी म्हणाली, तू किल्ली दिली असतीस?

परीक्षा पुन्हा देता येत होती. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा ओटीपी, आणि शुक्रवार जवळ आला होता. मंगळवारी वीज गेली, बुधवारी नेट. गुरुवारी इद्दत संपायची, घरात बायकांचं येणंजाणं असणार, म्हणून मंतशानं शुक्रवारचा दिवस धरला. मधल्या संध्याकाळी अम्मीचा अभ्यास घ्यायचं काम इरमनं अंगावर घेतलं. अम्मी हो म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

चित्रं अम्मीला पाठ होती, नुसती तिची नावं वेगळी होती. कर्ण्यावर काट मारलेलं चित्र दाखवलं तर ती म्हणाली, पुढं मयतीचं घर शे. इरमनं सांगितलं, हॉर्न मनाई. अम्मी म्हणाली, तेच तर. अरुंद पुलाच्या चित्राला तिचं उत्तर होतं की पलीकडे उसाची ट्रॉली असेल तर आपण निमूट मागे यायचं, कारण ट्रॉलीवाल्याला मागे घेता येत नाही आणि घ्यायचीही नसते. असा पर्याय दिलेला नव्हता. या सरकारनं कधी ऊस वाहिला नाही वाटतं, ती म्हणाली आणि इरमला हसू आलं. अम्मी हसली नाही. प्रत्येक उत्तर ती दुसऱ्या दिवशी मंतशाला पुन्हा विचारून घेते, हे इरमला नंतर कळलं. ही बरोबर सांगते ना, असं विचारायची म्हणे.

राग यायला हवा होता. पण बुधवारी घडलं ते असं. प्रश्न होता, घाटात चढणारी आणि उतरणारी गाडी समोरासमोर आली तर कोणी थांबायचं? अम्मी विचार करत होती. इरमला उत्तर येत होतं. पुस्तिका तिच्याच हातात होती, आणि ती म्हणाली:

"चढणाऱ्यानं."

अम्मीनं मान हलवली. "नही. उतरनारानी. चढता चढता थांबाडी तं गाडी मांगे सरकस." आणि थोड्या वेळानं, "तुले माहीत व्हतं."

 अम्मीला नापास करायचं आपल्या मनात आहे हे इरमला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. अम्मीला मात्र माहीत होतं. इरमनं पान उलटलं. पुढचा प्रश्न तिनं वाचायला घेतला आणि मध्येच थांबली. अम्मीनं मान वाकवून स्वतः वाचला, एकेक शब्द बोटाखाली धरत: वाहन चालवताना चालकास अस्वस्थ वाटू लागल्यास त्याने काय करावे.

"रस्ताना डाव्या कडले लेवानी," अम्मी म्हणाली. "इंडिकेटर लावाना. इंजिन बंद करानं." तिनं हँडब्रेकही म्हटलं असतं, पण तिथवर ती पोचली नाही. ओढणीनं चष्मा पुसत राहिली. बरोबर आहे, इरम म्हणाली. 

शुक्रवारी शाळेला जुम्याचीच काय, कसलीच सुट्टी नव्हती, पण इरम घरी राहिली. इद्दत आदल्या दिवशी संपली होती. अम्मीनं नमाज पढून घेतली, चादरीसमोर बसली. इरमनं ओटीपीचे आकडे वाचून दाखवले, मंतशानं ते भरले, आणि दोघी बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. दार लोटलं. आत कोणी जायचं नव्हतं.

परीक्षा सुरू झाली न झाली तोच गल्लीत जीप शिरली. जुम्याची नमाज आटोपून अकीलचाचा आले होते आणि सोबत करणसिंग. इरम उभी राहिली, दाराला पाठ लावून. आत काय चाललं आहे ते तिनं सांगितलं. करणसिंगला हसू आलं, पण वाईट हसणं नव्हतं ते. बरं बरं, म्हणाला, आम्ही थांबतो. आणि निंबाखाली जाऊन गाडीच्या टायरांना बोटानं दाबून पाहू लागला. मागच्या हौद्यात वाकून त्यानं यंत्राचे नटही पाहिले. कोणता पाना लागेल याचा तो हिशेब करत असणार, असं इरमला वाटलं.

तिचं सगळं लक्ष चाचांवर होतं. ते एरवी बोलके, पण आज गप्प. दोनदा त्यांनी दाराकडे पाहिलं. आत जायचा बहाणा शोधताहेत का? त्यांनी खिशातून फोन काढला, नुसता पाहिला, परत ठेवला. मग खोकले, चांगलं मोठ्यानं. आतल्या माणसाचं लक्ष जावं इतक्या मोठ्यानं, इरमला वाटलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. चाचांनी तोंडावर रुमाल धरला आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

आतून अम्मीनं मंतशाला हाक मारली. मंतशा गेली, आणि दार उघडं ठेवूनच बाहेर आली.

"पास," ती म्हणाली. "काठावर, पण पास."

तिच्यामागून अम्मी आली. कितीतरी दिवसांनी ती उंबऱ्याबाहेर पाय टाकत होती. उन्हानं तिचे डोळे मिटले. डोक्यावरची ओढणी सारखी करून ती करणसिंगला म्हणाली, "भाऊ, चहा ल्या. गाडी देवानी नही."

करणसिंग मानी माणूस होता, पण व्यवहार समजणारा. गाडी गेली तर गेली, तरी एक टोमणा त्यानं मारून घेतलाच. शिकाऊ माणसाला एकट्यानं गाडी नेता येत नाही. शेजारी पक्क्या लायसन्सवाला बसवावा लागतो. तो कोण?

अम्मी म्हणाली, माहीत आहे, आज पहिला प्रश्न तोच आला होता.

इरमजवळ लायसन्स नव्हतं. मंतशाजवळ नव्हतं. गल्लीच्या टोकाकडून चाचा परत आले होते. "मी बससू," ते म्हणाले.

फार पटकन म्हणाले, असं इरमला वाटलं. चार लोकांसमोर भाभीला दोनदा गाडी बंद पाडू द्यायची, मग हळहळत म्हणायचं, हे काही जमण्यासारखं नाही. किंवा मधल्या रस्त्यात गोड बोलून कबूल करून घ्यायचं. किंवा असंही असेल की ज्या भावाला त्यांनी स्टीअरिंगवरून उचललं, त्याच्या गाडीत बसायला त्यांना दुसरा रस्ता सापडला नसेल. यातलं खरं कोणतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून काही केल्या कळेना. तिनं किल्ली आणून अम्मीच्या हातात दिली आणि मी पण येते म्हणाली.

बॅटरी मेलेली होती. करणसिंगनंच जीप जवळ आणली आणि तारा जोडून दिल्या. आलोच आहे तर, म्हणाला. इंजिन खोकलं, थरथरलं, सुरू झालं. निंबाची वाळकी पानं टपावरून घसरली. अम्मीनं सीट पुढे ओढली. चाचा दुसऱ्या बाजूनं चढले. पुढे जागा दोघांचीच. इरम मागे गेली आणि हौद्याच्या फळीवर पाय ठेवला. लहानपणी कापसाच्या ढिगात बसून ती याच हौद्यातून म्हसावदचा बाजार करून आली होती.

अम्मीनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"उतर."

"काय झालं?"

"मालगाडीमा मांगे मानूस बसाडाना नही. कायदा शे."

"अम्मी, मी काही—"

"आखो एक येळ परीक्षा देवू का मी?"

भिकुबाई कुठूनशी आली होती, ती हसली. करणसिंगनं तारा गुंडाळता गुंडाळता मान डोलावली. इरमनं फळीवरचा पाय खाली घेतला.

गाडी हलली, थांबली, पुन्हा हलली. निंबाखालचा चौकोन मोकळा झाला; तिथली माती बाकीच्या गल्लीपेक्षा काळसर होती. गल्लीच्या वळणावर अम्मीकडून क्लच लवकर सुटला आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. इरम पळतच निघाली होती. अर्ध्या वाटेवर तिनं पाहिलं, चाचांचा हात खिडकीतून बाहेर आला. ती जागच्या जागी उभी राहिली. आता ते उतरतील, वळसा घालून अम्मीच्या बाजूला जातील, दार उघडतील.

हात तसाच बाहेर राहिला. तळवा वरखाली हलत होता. मागून आलेल्या मोटरसायकलवाल्याला ते सांगत होते, थांब बाबा, घाई करू नको. मोटरसायकलवाला थांबला. इंजिन पुन्हा सुरू झालं, उजवीकडचा इंडिकेटर लागला, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागली.